अप्पांचा दोर आणि शनीची चाल

अप्पांच्या शाळेत विहिरीचा एक जुना दोर होता. वर्षातून एकदाच, ग्रहमालेचा धडा आला की, तो कपाटामागून बाहेर निघायचा. शाळा अळणावरच्या वाटेवरच्या एका खेड्यात होती, कानडी माध्यमाची, आणि अप्पा तिथं विज्ञानाचे मास्तर होते. आम्ही राहायचो धारवाडला. घरात मराठी, दाराबाहेर कानडी आणि रागावल्यावर दोन्ही, असा आमचा कारभार. माझ्या शाळेला सुट्टी आणि त्यांच्या शाळेला नाही, असा दिवस आला की ते मला बरोबर न्यायचे. त्यामुळे तो दोर मी नुसता पाहिलेला नाही, हातात धरलेला आहे.

खेळ असा असायचा. मैदानाच्या मधोमध झेंड्याचा खांब, तो सूर्य. दोराचं एक टोक सैल फास करून खांबात अडकवायचं आणि नऊ मुलांनी ओळीनं तो दोर धरून उभं राहायचं. खांबाला खेटून बुध, मग शुक्र, मग पृथ्वी, असं करत शेवटच्या टोकाला प्लुटो. अप्पांनी शिट्टी वाजवली की अख्खी ओळ खांबाभोवती फिरायला लागायची. मी लहान, म्हणून मला नेहमी बुध करायचे. बुधाला काही कामच नसे, जागच्या जागी पावलं टाकत वळायचं. टोकाच्या प्लुटोला मात्र जीव खाऊन पळावं लागायचं, कारण ओळ वाकडी झाली की अप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. म्हणून प्लुटोच्या जागी वर्गातला सगळ्यात जोरात पळणारा मुलगा लावलेला असे. खेळ थांबला की अप्पा विचारायचे, "जास्त कोण पळालं?" सगळी पोरं ओरडायची, "प्लुटो!" मग अप्पा सांगायचे, "म्हणजे जो सूर्यापासून लांब, त्याचा वेग जास्त." हे वाक्य वहीत उतरवून सगळे नळावर पाणी प्यायला पळायचे.

वाक्य चूक होतं.

गाडीच्या चाकाला, पंख्याच्या पात्याला, जात्याच्या दगडाला ते बरोबर बसतं. तिथं सगळं एकसंध असतं, त्यामुळे कडेच्या टोकाला आणि मधल्या भागाला एकाच वेळी फेरी पुरी करावी लागते आणि कडेचं टोक जास्त धावतं. ग्रह कुठल्याच दोराला बांधलेले नाहीत. सूर्याची ओढ जवळ जास्त आणि लांब कमी. जवळच्या ग्रहाला सूर्यात पडायचं नसेल तर झपाट्यानं पळणं भाग आहे. लांबच्याला ओढच कमी, त्याचं सावकाश चालण्यावर भागतं, आणि गरजेपेक्षा जोरात पळाला तर ती कक्षा सुटते. शिवाय एक साधी गोष्ट होती. दोराच्या खेळात नऊही ग्रहांचं वर्ष एकाच वेळी संपायचं. असं कसं, हा प्रश्न वीस वर्षांत एकाही पोराला पडला नाही. मलाही पडला नाही, आणि मी तर मास्तरांचीच मुलगी.

नव्वदीच्या मध्यात मी धारवाडच्या एका कॉलेजात पीयूसीला, म्हणजे अकरावीला, गेले. वर्गात मी हुशार समजली जायची आणि ते मला फार आवडायचं. पहिल्या चाचणीत प्रश्न आला: पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दोन उपग्रहांपैकी जवळच्याचा वेग जास्त की लांबच्याचा, कारण द्या. मी गालातल्या गालात हसले. पानभर उत्तर लिहिलं, वर खांब, दोर आणि ओळीतल्या माणसांचं चित्रही काढलं. आठवड्यानं आमच्या लेक्चररांनी पेपर वाटले आणि माझा हातात ठेवून घेतला. ते मनानं वाईट नव्हते, पण वर्ग पेंगत होता आणि त्यांना जरा गंमत हवी होती. त्यांनी माझं उत्तर मोठ्यानं वाचलं, चित्र सगळ्यांना दाखवलं. ऐंशी पोरं हसली. मला उभं करून त्यांनी विचारलं, "इदन्न निनग यार कलिस्यार?" हे तुला कुणी शिकवलं?

मी म्हणाले, "ओब्रु हळ्ळी मास्तर." एका खेड्यातले मास्तर.

यात खोटं काहीच नव्हतं. अप्पा मास्तर होते, शाळा खेड्यातली होती. पण 'माझे वडील' हे दोन शब्द मी गिळले ते गिळलेच. वर्ग आणखी हसला आणि त्या हसण्यात मीही थोडी सामील झाले, म्हणजे आपण त्या मास्तरांच्या बाजूचे नाही हे सगळ्यांना दिसावं.

घरी आले तेव्हा अप्पा ओसरीवर चटणीसाठी शेंगा फोडत बसले होते. मी पेपर त्यांच्यापुढे फेकला.

"तुमच्या दोरापायी आज सगळा वर्ग मला हसला. वीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवताय तुम्ही. लांबचा हळू जातो, हळू!"

आई आतून धावत आली. "अगं, बापाशी बोलतीस का भांडायला आलीस?"

अप्पांनी हातातली शेंग खाली ठेवली, पेपर उचलला, चित्र पाहिलं. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, माझाही राग तिथंच खपला असता. "चित्र चांगलं काढलंयस की," एवढं म्हणून त्यांनी माझी वही मागितली. वहीतलं सूत्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सूत्र सांगतं म्हणून मी मानणार नाही. मला हिशेब दिसला पाहिजे."

मग त्यांनी आमच्या घरात कधी न घडलेली गोष्ट केली. आईकडे पंचांग मागितलं.

अप्पांना पंचांगाचं वावडं होतं. आई मुहूर्त बघायला लागली की ते म्हणायचे, "विज्ञानाच्या मास्तराच्या घरात हे चाललंय, कुणाला सांगू नका." त्यामुळे आई आधी त्यांच्याकडे बघतच राहिली. तब्येत बरी आहे ना, असंही तिनं विचारलं.

"शनी एका राशीत किती बसतो?" अप्पांनी विचारलं.

"अडीच वर्षं," आई म्हणाली. "त्याला पंचांग कशाला हवं? तीन राशींची मिळून साडेसात होतात, तीच साडेसाती. एवढं पोराबाळांना पण ठाऊक असतंय की हो."

बारा राशी, अडीच वर्षं एकेकीला, म्हणजे तीस वर्षांत एक फेरी. आणि शाळेच्याच पुस्तकात तक्ता होता: शनी सूर्यापासून पृथ्वीच्या साडेनऊपट लांब. अप्पा जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर दोन दिवस हे मांडत बसले. हिशेब खरं तर पाच मिनिटांचा. शनीची वाट पृथ्वीच्या साडेनऊपट लांब. तो पृथ्वीच्याच वेगानं चालला असता तर साडेनऊ वर्षांत फेरी पुरी झाली असती. अप्पांच्या दोराप्रमाणे तिच्याहून वेगानं पळाला असता तर त्याहूनही लवकर. लागतात तीस वर्षं. म्हणजे शनी पृथ्वीच्या जेमतेम एक तृतीयांश वेगानं चालतो. मग त्यांनी गुरूचा हिशेब केला, मंगळाचा केला, शुक्राचा केला. प्रत्येक वेळी तेच निघालं. आमच्या स्वयंपाकघराला जे माहीत होतं ते विज्ञानाच्या मास्तरांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी ते पुस्तक कधी उघडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. कागद पुढे केला आणि म्हणाले, "चुकलो."

मला वाटलं, संपलं. आईलाही तेच वाटलं. ती म्हणाली, "असू दे की. पुढच्या वर्षीपासून बरोबर शिकवा म्हणजे झालं."

"आणि मागच्या वीस वर्षांचं काय?" अप्पा म्हणाले.

आम्ही दोघी हसलो. ते हसले नाहीत.

त्याच महिन्यात दिवाळीच्या कपड्यांसाठी आम्ही तिघं हुबळीला निघालो होतो. बसमध्ये कंडक्टर पुढं आला आणि अप्पांना बघून त्यानं सलाम ठोकला. "सर! बसा की, बसा."

"तू प्लुटो नव्हे?" अप्पांनी विचारलं.

"हौद्री सर, होय! नेनपैत्री, आठवतं तुम्हाला? दोन वर्षं मीच होतो." ओळख राहिली याचा त्याला कोण आनंद झाला. तो अळणावरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, घरी मराठीच बोलणारा.

बस रायापूरला आली होती. अप्पा उभे राहिले, दांडी धरली आणि म्हणाले, "तुला मी चुकीचं शिकवलं रे. प्लुटो पळत नाही. सगळ्यात हळू तोच चालतो."

कंडक्टरचा तिकिटं फाडणारा हात थांबला. "अय्यो सर! मग माझा गुडघा फुकटच फुटला की!" त्यानं पाय सीटवर ठेवून खाकी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि तिथला पांढरा वण आम्हाला आणि आजूबाजूच्या चार प्रवाशांना दाखवला.

सगळी बस हसली. अप्पा तो वण बघत राहिले. "फुकटच फुटला," ते म्हणाले. "ते माझ्या माथी." आणि मग त्यांनी त्याला शनीचा सगळा हिशेब सांगितला, मराठीत सुरू करून कानडीत संपवला. ऐकता ऐकता कंडक्टर घंटी मारायला विसरला, एक स्टॉप मागे गेला, उतरणारी बाई भांडली, ड्रायव्हर पुढून ओरडला.

"एवढ्यासाठी कशाला सांगायचं सर?" कंडक्टर शेवटी म्हणाला. "मी तिकिटं फाडतोय, मला शनीचं काय करायचंय?"

"तुझी पोरं उद्या विचारतील नव्हे?"

मी खिडकीबाहेर बघत होते. बापाची लाज वाटायची ही एका महिन्यातली माझी दुसरी वेळ. हुबळीच्या बाजारात, दाजीबानपेठेत, तोच प्रकार झाला. कापडदुकानाचा मालक अप्पांचा विद्यार्थी निघाला, त्यानं गादीवर बसवून चहा दिला, अप्पांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, मला तो दोर आठवतो. ग्रह एक पण आठवत नाही." आई म्हणाली, बघा, कुणाच्या लक्षात पण नाही. अप्पांना त्याचं जास्तच वाईट वाटलं. आपण चूक शिकवलं आणि तेही धड शिकवलं नाही, असं ते परतीच्या बसमध्ये म्हणत होते.

त्या वर्षी त्यांनी बऱ्याच जणांना गाठलं. कुणाच्या लग्नात, कुणाच्या शेतावर, एकाला तर कोर्टाच्या आवारात. लोक 'होय सर' म्हणायचे आणि मास्तरांचं वय झालं असं एकमेकांत बोलायचे. वय झालं नव्हतं, पन्नाशीसुद्धा उलटली नव्हती. त्याच सुमारास घरात खाकी कव्हर घातलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. अप्पा शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचायचे, समासात काही न लिहिता कागदाच्या चिटोऱ्या घालायचे. "कुणाचं?" मी विचारलं. "आणलंय एकाकडनं," ते म्हणाले. मी पुढे विचारलं नाही. त्या काळात अप्पांनी आणलेल्या वस्तूंमध्ये मला रस नव्हता.

दोर त्यांनी टाकला नाही. पुढच्या वर्षी खेळ बदलला. आधी पोरं दोर धरून फिरायची आणि अप्पा सांगायचे, हे चाक झालं. मग शिट्टी. "दोर सोडा!" आता प्रत्येकानं आपापल्या चालीनं चालायचं, बुधानं धावायचं, पृथ्वीनं झपझप, शनीनं तिच्या तीन पावलांना एक पाऊल. हे मी पाहिलं नाही, आईकडून ऐकलं. मी बुध व्हायच्या वयाची राहिले नव्हते.

पुढे मी भौतिकशास्त्रच घेतलं आणि हुबळीच्या एका कॉलेजात पीयूसीला शिकवायला लागले. अप्पा रिटायर झाले. हुबळीजवळ उणकलला तळ्याच्या बाजूला नवी घरं होत होती, तिथं आम्ही छोटं घर बांधलं. कॉलेजात मी फळ्यावर सूत्र मांडायची, दोन उदाहरणं सोडवून घ्यायची आणि पुढच्या धड्यावर जायची. पोरं पास व्हायची.

चाचणीच्या त्या दिवसाला अकरा वर्षं होऊन गेली होती. पेपर तपासणीच्या शिबिराला मी धारवाडला जात होते. तिथं आमच्यावर देखरेखीला माझे तेच लेक्चरर होते, आता केस पांढरे झालेले. एका उत्तरपत्रिकेत कुणा पोरानं लिहिलं होतं, उपग्रह जितका लांब तितका वेग जास्त. मी लाल रेघ मारली. ते मागे उभे राहून बघत होते. हसले आणि कानडीत म्हणाले, "दोराचं चित्र नाही काढलं यानं?"

मी म्हणाले, "सर, तुमच्या लक्षात आहे?"

"विसरीन कसा? तुझे वडील आले होते ना माझ्याकडे."

मला काही कळेना. ते शेजारच्या खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले. पेपर वाटल्यानंतर चार-पाच दिवसांनी अप्पा कॉलेजात गेले होते. स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभे राहिले. "म्हणाले, माझ्या मुलीचं उत्तर चुकलं, दोष तिचा नाही, तिला हे मी शिकवलंय. मी म्हटलं, पण ती तर म्हणाली, कुणी हळ्ळी मास्तर होते. माझ्या तोंडून निघून गेलं, मला काय ठाऊक."

"मग?" मी विचारलं.

"म्हणाले, हौद्री, तो हळ्ळी मास्तर मीच. आणि मला म्हणाले, हे नीट समजून घ्यायचं आहे, एखादं पुस्तक द्याल का? मी माझं दिलं. दोन महिन्यांनी खाकी कव्हर घालून परत आणून दिलं. जाताना म्हणाले, मी आलो होतो हे तिला सांगू नका, ती ओशाळेल."

उरलेले पेपर मी कसे तपासले ते मला आठवत नाही. परतीच्या बसमध्ये मी हिशेब करत होते. त्या रायापूरच्या बसमध्ये त्यांना ठाऊक होतं. दाजीबानपेठेत, मी दुकानाच्या पायरीवर तोंड फिरवून उभी होते तेव्हा ठाऊक होतं. माझ्या पदवीच्या पेढ्यांच्या वेळी ठाऊक होतं. अकरा वर्षं एका घरात जेवलो, आणि त्यांनी एकदाही त्याचा उच्चार केला नाही.

घरी आले तेव्हा अप्पा अंगणात कढीपत्त्याच्या रोपाला पाणी घालत होते. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"अप्पा, त्या दिवशी वर्गात मला विचारलं, कुणी शिकवलं. मी तुमचं नाव सांगितलं नाही. मला तुमची लाज वाटली."

त्यांनी तांब्या कठड्यावर ठेवला. माझ्याकडे बघितलं. "कुणी सांगितलं तुला?"

"सरांनी."

"सांगू नका म्हटलं होतं मी." मग ते पायरीवर बसले. "लागलं होतं गं मला. बसस्टँडपर्यंत चालत आलो आणि बस समोर उभी असून चढलो नाही, दोन बस सोडल्या." मग त्यांच्या चेहऱ्यावर ती वर्गातली मिश्कील छटा आली. "पण माझी चूक कबूल करायला मला दोन दिवस लागले. तुला अकरा वर्षं?"

मी रडायला लागले. आई बाहेर आली, काय झालं म्हणून विचारायला लागली. अप्पा म्हणाले, "काही नाही. शनीचा हिशेब चाललाय."

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "तू पोरांना हे कसं शिकवतीस?" मी म्हणाले, फळ्यावर. "दोर?" मी नाही म्हणून मान हलवली. दोन दिवसांनी माळ्यावरून त्यांनी स्वतःच गाठोडं काढलं. रिटायर होताना शाळेनं त्यांना शाल, श्रीफळ आणि त्यांच्याच मागणीवरून तो दोर दिला होता, हे मला तेव्हा कळलं.

गुरुत्वाकर्षणाचा धडा सप्टेंबरात आला. मी दोर पिशवीत घालून कॉलेजात नेला आणि वर्गाला मैदानावर काढलं. प्लुटोला महिन्याभरापूर्वीच ग्रहांच्या पंगतीतून उठवलं होतं, त्यामुळे आठच जण लागले. पीयूसीची पोरं आधी लाजली, मग दोर धरून फिरायला लागल्यावर लहान पोरांसारखी किंचाळायला लागली. टोकाचा नेपच्यून धापा टाकत पळत होता. मी शिट्टी वाजवली, "दोर सोडा!" म्हणून ओरडले, आणि प्रत्येकाला त्याची चाल सांगितली. बुध धावत सुटला. शनी एक पाऊल टाकून उभा राहिला आणि मित्रांकडे बघून हसायला लागला. सूत्र फळ्यावर लिहायच्या आधीच पोरांना उत्तर दिसलं होतं.

वर्गात परत जाताना पुढच्या बाकावरची एक मुलगी दोर गुंडाळायला माझ्याजवळ थांबली. गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, "मिस, इदन्न निमग यार कलिस्यारी?" हे तुम्हाला कुणी शिकवलं?

"नम्म अप्पा," मी म्हणाले. "हळ्ळी शाळेत मास्तर होते."